बोर्बाला माश्या निवडते

सेगेद शहरातल्या मिरचीच्या गिरणीत बोर्बालाने उभा जन्म मिरच्या निवडण्यात घालवला. वाकडी, डागाळलेली मिरची तिच्या नजरेतून कधी सुटली नाही, आणि निवृत्तीनंतर ही सवय तिने माणसांवर चालवली. जावई निवडायचा मात्र राहून गेला, कारण एकुलती एक लेक एमोके लग्नाचं नावच काढत नव्हती. ती विद्यापीठात फळमाश्या पाळायची. दर रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर शेजारीण इर्मा नातवंडांचे फोटो दाखवायची आणि गोड आवाजात विचारायची, "तुझं काय गं, बोर्बाला?" बोर्बालाच्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

फेब्रुवारीत एमोके बर्फावर घसरली आणि तिचा उजवा हात प्लास्टरमध्ये गेला. माश्यांना काही रजा नसते. वेळच्या वेळी पुढची पिढी निवडून नव्या बाटलीत घालावी लागते, आणि प्रयोगशाळेतल्या बाकीच्यांना आपापल्याच माश्या आवरत नव्हत्या. शेवटी लेकीने आईला बोलावलं.

"आई, नीट ऐक," गॅसने झोपवलेल्या माश्या भिंगाखाली दाखवत एमोके म्हणाली. "यांच्या एका जनुकात बिघाड आहे. माशी अंड्यात शिदोरी बांधून देते. पिल्लाचं डोकं कुठं, शेपूट कुठं, ते त्या शिदोरीवर ठरतं. जिच्या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या, तिला ती शिदोरी बांधताच येत नाही. स्वतः धडधाकट, अंडीही ढीगभर घालते, पण आतल्या पिल्लाला दोन्ही टोकांना शेपूट!"

"अगंबाई! मग ते खातं कुठून?"

"खातंय कुठलं? अंड्यातच मरतं. म्हणून वंश चालवायचा तर जिची एक प्रत चांगली आहे, ती ठेवायची. तिची खूण म्हणजे वर वळलेले कुरळे पंख. कुरळ्या नव्या बाटलीत, सरळ पंखांच्या मारायच्या, तेलात बुडवून. कळलं?"

"न कळायला काय झालं?"

एमोके हात दाखवायला दवाखान्यात गेली. बोर्बालाने ब्रश उचलला, भिंगातून पाहिलं आणि तिचं डोकंच फिरलं. कुरळ्या म्हणे ठेवायच्या! एकीचा पंख धड नव्हता. सरळ पंखांच्या कशा झुळझुळीत, घरंदाज दिसत होत्या. वाकडं कोणी बियाण्याला ठेवतं का? दुखण्याच्या गोळ्यांनी पोरीला गुंगी आलेली दिसते, असं तिने ठरवून टाकलं. सरळ पंखांच्या तेवढ्या, नर-मादी सगळ्या, बाटलीत घातल्या, कुरळ्या सगळ्या तेलात बुडवल्या. वर हौसेने जुन्या आणि राखीव बाटल्या, आतल्या अळ्यांसकट, उकळत्या पाण्याने धुऊन काढल्या.

एमोके परत आली. भिंगाला डोळा लावला आणि स्टुलावर बसलीच.

"आई, कुरळ्या कुठं आहेत?"

"तेलात. म्हटलं, तुझा घोटाळा झालाय."

"आणि माझ्या बाटल्या?"

"लखलखीत केल्या!"

ती ओरडली असती तर परवडलं असतं. ती नुसतीच रडायला लागली, आणि डाव्या हाताने तिला धड नाकही पुसता येईना. "हा बिघाड जगात दुसऱ्या कोणाकडे नाही गं," ती म्हणाली. "एवढ्या वर्षांचं सगळं काम गेलं."

बोर्बाला लेकीजवळ बसली. या माश्यांना तिने गल्लीभर नावं ठेवली होती. आपल्या पोरीचा जीव यांच्यात आहे, हे तिला आज कळत होतं, आणि तेही आपणच सगळं नासवल्यावर. लेकीचं नाक पुसत ती कशीबशी म्हणाली, "एवढ्या देखण्या पोरी, आणि एकीचंही पोर धड जगायचं नाही? आणि हे नर? तेही असलेच करंटे?"

"नरांचं काय आलंय त्यात? शिदोरी आई बांधते, बाप थोडाच..." एमोके मध्येच थांबली. "आई! नर चालतील! बिघाड आहे त्यांच्यात. त्यांना फक्त कुरळ्या पंखांच्या, शिदोरी बांधणाऱ्या बायका हव्यात. शेजारच्या खोलीत गेलेर्तकडे आहेत!"

"थांब," बोर्बाला म्हणाली. ती घरी गेली आणि फडक्याखाली ताटभर गरम पोगाचे, म्हणजे छोटे खारे पाव, घेऊन आली. "मुली मागायला रिकाम्या हाताने जात नाहीत."

माश्या मागितल्या तर नाही म्हणायची या लोकांत पद्धतच नाही. "खुशाल घेऊन जा, बोर्बाला मावशी," पोगाचा तोंडात कोंबत गेलेर्त म्हणाला. "आज सकाळीच कोशातून निघाल्यात. सगळ्या कुमारिका."

"खात्री आहे?"

"मावशी, तेच तर बघत बसतो मी दिवसभर!"

माणूस बरा होता. पण त्याच्या उजव्या हातात लग्नाची अंगठी होती, तेव्हा बोर्बालाने निःश्वास टाकला आणि माश्या तेवढ्या घेतल्या.

पुढची पिढी बाहेर पडेपर्यंत तिला झोप लागली नाही. रोज सकाळी लेकीच्या आधी ती बाटलीपाशी हजर असायची. अखेर एका शुक्रवारी भिंगाखाली वळलेले पंख दिसले. तिने त्या माश्या एकेक करून ब्रशच्या टोकावर अशा उचलल्या, की श्वाससुद्धा जपून घेत होती. एमोकेने डावा हात तिच्या खांद्यावर ठेवला.

रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर इर्माने पुन्हा नातवंडांचे फोटो पुढे केले. "तुझं काय गं, बोर्बाला?"

"झाली की नातवंडं," बोर्बाला म्हणाली. "बाटलीभर. पंख तेवढे वाकडे आहेत, पण आम्हाला तसेच हवेत."