नवशीला तळ्याकाठी हळद लागली

नवशी तुकाच्या घरात आली ती हळद न लागताच. आमच्या सूर्यमाळच्या पाड्यांवर याचं कुणाला नवल नाही. आधी संसार, मग जमेल तेव्हा लगीन. पोरांच्या मांडवात आईबापांनाही हळद लागते. नवशीचं मात्र दरसाल मागं पडत गेलं. दिवाळी झाली की दोघं दगडखाणीवर जात, पावसाच्या तोंडावर परतत. त्यांचा हेमराज खाणीवरच्याच झोपडीत जन्मला, तिथंच चालायला शिकला.

खाणीच्या धुळीनं तुकाची छाती धरली. गेल्या माघात त्याला घरी आणलं, तेव्हा घरातून अंगणात येतानाही तो मध्ये टेकायचा. दवाखान्यात सांगितलं, फुप्फुसात दगडाची भुकटी बसलीय, ती आता निघायची नाही.

तेव्हा नवशीनं लग्नाचा विषय काढला. तुका नको म्हणाला. तो जाणार होताच; ती बिनलग्नाची राहिली तर मोकळी तरी असेल, असं त्याचं म्हणणं. 

त्याचं मन फिरवलं ते त्याच्या भावानं. धोंडी शेजारीच राहायचा. एकदा तो तुकाच्या उशाशी बसला आणि डोंगरावरच्या नागलीच्या शेताच्या तुकड्याचं बोलू लागला. तुझ्यामागं तो मीच कसणार, म्हणाला. तुकानं नवशीचं नाव घेतलं.

"ती कोण?" धोंडी म्हणाला. "तिला हळद कुठं लागलीय?"

नवशी चुलीपाशी होती. तिनं ऐकलं, आणि तिनं ऐकलेलं तुकानं पाहिलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं हेमराजला चैतीकडे धाडलं. चैती म्हणजे आमची धवलेरी, गाणी गाऊन लगीन लावणारी म्हातारी. अंगण दोघा भावांचं सामाईक. धोंडीनं मांडव घालू दिला नाही. मग तुका म्हणाला, तळ्यावर जाऊ. जुना पाडा बंधाऱ्याच्या पाण्यात बुडाला तेव्हा पाड्याचे देव तळ्याकाठी आणून बसवले होते. ती जागा कुणा एकाची नव्हती.

चैत्र सरत आला होता. घोंगडीची डोली करून आम्ही तुकाला डोंगर उतरवला. हेमराज पुढं, पाड्यातला म्हणून मी मागं. त्याच डोलीतून आम्ही आजारी माणसं डांबरी रस्त्यापर्यंत नेतो. नवरदेव पहिल्यांदाच नेला.

तळं निम्मं आटलं होतं, चिखलातून जुन्या घरांची जोती वर आली होती. चैतीनं विचारलं, चौक कुठं लिहायचा? घराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं देवीचा चौक लिहिल्याशिवाय आमच्यात लगीन लागत नाही, आणि इथं भिंतच नव्हती. नवशीनं एक उभा काळा खडक धुतला, शेणागेरूनं सारवला. बाया लिहायला बसल्या. ऊन असं की बोटावरचं पीठ खडकाला लागेपर्यंत सुकत होतं.

हळद लावताना तुकाच्या बरगड्या हाताला लागत होत्या. उभं राहायची वेळ आली तेव्हा हेमराजनं बापाला मागून काखांत हात घालून धरलं. तुकाला धाप लागली होती. चैतीनं एकही गाणं गाळलं नाही, फक्त भरभर गायली. जेवायला डाळभात होता. तारपा वाजला नाही, कुणी नाचलं नाही.

अमावस्येच्या आतच तुका गेला. बांगड्या फोडताना एक बाई हळहळली, लगीन केलं नसतंस तर एवढं तरी चुकलं असतं.

"फोडा," नवशी म्हणाली. "माझ्याच हायेत."

पुढं धोंडी पंचांसमोर म्हणाला, मांडवाविना लागलेलं लगीन तो मानत नाही. चैती काठी टेकत उठली.

"मी गायलेय. देवांनी ऐकलंय. आता नाय कोण म्हणतो?"

पंच निकाल न देताच उठले. कुणी हो म्हणालं नाही, नाहीही म्हणालं नाही.

आषाढात धोंडीनं तुकड्याच्या वरच्या अंगानं नागली लावायला घेतली. तुकडा गेला म्हणून हेमराज भर पावसातच खाणीवर जातो म्हणत होता. नवशीनं त्याला अडवलं आणि रोपांच्या जुड्या त्याच्या डोक्यावर देऊन खालच्या अंगाला लागली. धोंडी कंबरेवर हात ठेवून थोडा वेळ पाहत राहिला, मग पुन्हा वाकला. दिवस मावळताना नवशी आणि धोंडी तुकड्याच्या मध्यावर आली आणि आपापल्या वाटेनं घरी गेली.

मध्ये बांध अजून कुणी घातलेला नाही.