डाव्या हाताचे सूर

खालच्या मजल्यावरच्या मालतीताई चाळीस वर्षं पियानो शिकवायच्या. मागच्या वर्षी अर्धांगवायूने त्यांचा उजवा हात लुळा पडला आणि शिकवणी बंद झाली. युरोपातल्या एका जुन्या, थोर संगीतकाराच्या लोकप्रिय रचनांचं पुस्तक मात्र पियानोवर उघडंच असायचं.

परवा सकाळी त्यांचं चुकून आमच्याकडे आलेलं पत्र द्यायला गेलो, तेव्हा त्या एकट्या डाव्या हाताने काहीतरी वाजवत होत्या. खालचे, जाडसर सूर संथपणे येत होते, जात होते.

"हे कुठलं हो?" मी विचारलं.

"तुम्ही रोज संध्याकाळी लावता ना, तेच."

मला खरंच वाटेना. ती रचना मी कित्येक वर्षं ऐकतोय, पण ऐकत होतो ती फक्त वरची चाल. तिच्याखाली इतका वेळ कुणीतरी सोबत चालत होतं, हे कधी जाणवलंच नव्हतं. आवडीच्या गोष्टीतलंसुद्धा आपण नेमकं किती ऐकतो, कोण जाणे.

"तुम्ही चाल म्हणा, मी वाजवते," त्या म्हणाल्या.

मी संकोचत गुणगुणू लागलो. दोन्ही सूर एकमेकांत मिसळले आणि त्यांचा चेहरा उजळला. मध्येच मी चाल विसरलो आणि गप्प झालो. त्या थांबल्या नाहीत. मला पुन्हा शिरता येईपर्यंत तेच चार सूर फिरून फिरून वाजवत राहिल्या.