आमच्या घरचा चहा

माझा आजार असा की माझं शरीर माझ्याच नसांवर उठतं. मल्टिपल स्क्लेरोसिस. त्याला आवर घालायला दर सहा महिन्यांनी चंद्रपूरला सलाईनमधून औषध घेते. ते प्रतिकारशक्ती पाडून ठेवतं, म्हणून मी चालते. या खेपेला रक्तात अँटिबॉडी फारच कमी निघाल्या. डॉक्टर म्हणाले, माणसांपासून लांब राहा, छातीत कफ झाला तर पुढचा डोस थांबवावा लागेल. इकडे आड, तिकडे विहीर.

आणि राहायचं चिमूरकडच्या आमच्या खेड्यात! इथे दवाखान्यातून आलेल्या माणसाला बघायला सगळी वस्ती येते, उशाशी बिस्किटाचा पुडा ठेवते आणि चहा घेतल्याशिवाय उठत नाही. न जाणं म्हणजे वैर. मी आईला दार लावून घ्यायला सांगितलं. आलेल्यांना तिने अंगणातूनच परत पाठवलं, आणि बघता बघता गावभर झालं की पोरीला लागट रोग आहे. म्हणजे त्यांच्यापासून जपायचं मला, आणि भ्यायला लागले ते मला. कपाळच माझं!

मग आईने अंगणात दिलेला चहाही कुणी घेईना. वरच्या आळीने आमच्या हातचं पाणी नाकारलं, ते आईने लहानपणी सोसलेलं. ही तर आमची बौद्ध वस्ती.

"आपलेच लोकं आपल्या घरचं पानी पेत नाई," एवढंच ती बोलली आणि जेवली नाही.

एका रविवारी बुद्धवंदना झाल्यावर ती विहारातल्या बायकांना घेऊनच आली. दार सताड उघडं. सगळ्या माझ्या खाटेभोवती बसल्या. "घ्या ना बाई, चा घ्या. लागट काईच नाई," आई प्रत्येकीला सांगत होती. माझ्या उशाशी बसलेली म्हातारी पदरात खोकत होती. मी मास्क वर ओढला. तिला उठवावं असं फार वाटलं, पण तिने कप तोंडाला लावला होता आणि आई तिच्याकडे डोळे भरून बघत होती.

चार दिवसांत ताप चढला, मग न्यूमोनिया. डोस थांबला तो थांबलाच, आणि पावसाळ्यात डावा पाय लुळा पडला. आता वस्तीतल्या बायका रोज येतात, चहा पितात, हळहळतात. आई मला काखेत धरून मोरीपर्यंत नेते. तिचा इतका राग येतो की तिला ढकलून द्यावंसं वाटतं. पण तिला सोडलं तर मी पडते.