तो बर्गर खायचा नव्हता

त्या टिक्कीला मी बुटाचं पॉलिश लावलं होतं. जुन्या बनियनच्या चिंधीने, बूट चमकवतात तसंच, गोल गोल. हे मी घरी कधी सांगितलेलं नाही. बायकोला एवढंच ठाऊक आहे की लग्नाआधी मी काही वर्षं एका फोटोग्राफरकडे होतो आणि ते काम सोडलं. का सोडलं, असं तिने एकदा विचारलं होतं. मी म्हणालो, "जमेना." फार बोलायची मला सवयच नाही. गप्प राहणाऱ्या माणसाला लोक सज्जन समजतात, आणि मी त्या समजुतीवर आयुष्य काढलं.

गिरण्यांचा संप होऊन काही वर्षं झाली होती. मी घाटकोपरला राहायचो. कमर्शियल आर्ट शिकलो होतो, चित्रकार म्हणून बेताचाच, पण हात थरथरत नसे. चिमट्याने एकेक तीळ उचलून पावावर हवा तिथे चिकटवायला असा हात लागतो. म्हणून साहेबांनी, म्हणजे त्या फोटोग्राफरने, मला खाण्याच्या फोटोंसाठी ठेवलं होतं.

अंधेरीला स्टेशनजवळ एक नवं दुकान निघायचं होतं. उभ्याउभ्या खायचं, बर्गर आणि पिझ्झा. बर्गर म्हणजे काय हे तेव्हा पुष्कळांना माहीत नव्हतं, त्यामुळे जे काही सांगायचं ते फोटोनेच. दुकानाचे शेठ स्टुडिओत येऊन म्हणाले, "फोटो पाहून माणूस रस्ता क्रॉस करून आला पाहिजे. आल्यावर त्याला काय द्यायचं ते मी बघतो."

त्यांनी नमुन्याला आपला खरा बर्गर आणला होता. बटाटा-वाटाण्याची टिक्की, वर काकडीची चकती. दिव्यांखाली ठेवला तर बघता बघता पाव बसला आणि टिक्की कडेने फुटली. साहेब म्हणाले, "हा तर मेला. आपला आपण बनवू." शाकाहारी दुकानाच्या जाहिरातीसाठी मग मी खिमा आणला. कच्चाच थापायचा, भाजला की आक्रसतो. वरून पॉलिश लावलं की भाजल्यासारखा दिसतो. कोबीच्या पानाला हिरवा पोस्टर कलर. टोमॅटोवर ग्लिसरीनचे थेंब, म्हणजे आत्ताच धुतल्यासारखा. मागे ओल्या कापसाचे बोळे, पाव उचलून धरायला. आणि सगळं जागच्या जागी राहायला लाकडी काड्या.

फोटो मढच्या एका बंगल्यावर काढायचा ठरला. साहेबांना मागे समुद्र हवा होता. बंगला शूटिंगला भाड्याने जायचा. राखणदार पूर्वी गिरणीत होता, संपानंतर बायकोला घेऊन तिथे आला. मूळचे मालवणकडचे. त्यांची मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. सासर दहिसरला. सातवा संपत आला असावा. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर, दाराला पाठ लावून ती बसायची, पाय लांब करून. मी ओट्यावर माझं काम मांडलं होतं.

"दादा, हा खराच आहे ना?" तिने विचारलं.

"खराच."

"मग मला एक दे ना. मला कशाचीच वासना होत नाही रे. आई बिचारी रोज विचारते, काय खावंसं वाटतं, काय खावंसं वाटतं. आज पहिल्यांदा वाटलं."

तिची आई मागे भाकऱ्या थापत होती. ती म्हणाली, "गप गो. कामाचा आसा ता त्यांचा. डोहाळे लागले म्हणान कोणाच्याय ताटातला मागतंस?"

"कोणाच्या ताटातलं कुठे, अजून ताटात पण नाही," मुलगी हसत म्हणाली. "दे ना, दादा. संपल्यावर दे."

मी म्हणालो, "संपल्यावर बघू."

एवढंच म्हणालो. साहेबांची ताकीद होती की आत काय घालतो ते बाहेरच्या कुणाला सांगायचं नाही. धंद्याची अब्रू असते. पण मी ताकिदीमुळे तसं म्हणालो असं लिहिलं, तर तेही खोटं. तिला गप्प करायचं होतं आणि हातातला तीळ पडू द्यायचा नव्हता.

मढला जिकडेतिकडे बोंबील वाळत घातलेले, त्यामुळे माश्या फार. बर्गर व्हरांड्यातल्या टेबलावर ठेवला आणि कच्च्या खिम्याचा वास त्यांना लागला. साहेब कॅमेऱ्यामागून ओरडले, "माशी! अरे, माशी बसली! काहीतरी कर ना यार!" मी टॉवेल फिरवला, उदबत्ती लावली. काही होईना. मग आत जाऊन तिच्या आईला, मावशींना, म्हणालो, "माश्या मारायला काही आहे का?" त्यांनी ढेकणांच्या औषधाचा पंप काढून दिला, पत्र्याचा, दट्ट्याचा. मी तो टेबलावर मारला, टेबलाभोवती मारला. आणि तरी एक माशी त्याच त्या टिक्कीवर येऊन बसली, तेव्हा बर्गरवर मारला. मागून, पुढून. त्यानंतर माशी आली नाही. टिक्की जरा जास्तच चकाकायला लागली आणि साहेब म्हणाले, "झकास! आता हलू नका कोणी."

फोटो झाला. मी पंप धुऊन नेऊन दिला, दिवे उतरवले, गाडीत ठेवायला गेलो. साहेबांना दोऱ्या हव्या होत्या, त्या शोधल्या. परत आलो तर टेबलावरची बशी नव्हती.

बशी आत ओट्यावर होती. त्यात खालचा पाव, कापसाचे दोन बोळे, आणि काड्या एका बाजूला ओळीने लावून ठेवलेल्या.

"काड्या काढून ठेवल्यात हां, तुला परत लागतील," ती म्हणाली. तोंड पुसत होती. "रॉकेलचा वास मारत होता जरा. स्टोव्हवर केलास ना? आणि आत कच्चा राहिलाय. पण खाल्ला बाबा. डोहाळ्याचं टाकू नये म्हणतात."

आई तिच्या डोक्यावरून हात फिरवत होती. आईच्या चेहऱ्यावरचा आनंद अजून दिसतो मला. म्हणाली, "खाल्ल्यान बाय एकदाचा."

मी बाहेर गेलो. साहेबांना सांगितलं. पॉलिशचं ऐकून ते म्हणाले, "काय होत नाही पॉलिशने. जुलाब होतील." पंपाचं सांगितलं तेव्हा त्यांनी गाडीचं दार लावलं, काच खाली केली आणि हळूच म्हणाले, "तू काही बघितलं नाहीस. तिने विचारून खाल्लं का? नाही ना? मग?" ते मालाडच्या रस्त्याने गेले. गाडीत दिव्यांमुळे मला जागा नव्हती. मी वर्सोव्याला जाणाऱ्या तरीकडे, म्हणजे होडीकडे, चालत गेलो.

बंगला पाठीमागे दिसत होता. परत जायला वेळ होता. तरवाला "चला, चला" करत होता आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट: पोलीस विचारतील पंप कुणी मारला. मी तरीत बसलो. पलीकडे उतरल्यावर कोळणींच्या टोपल्यांमागे जाऊन ओकलो. जिने ते औषध खाल्लं होतं ती तिकडे आईजवळ बसली होती, आणि ओकत मी होतो.

पुढचे दिवस मी पेपर वाचला तो फक्त मढसाठी. घरी दार वाजलं की माझ्या आईच्या आधी मी उठायचो. रस्त्यात खाकी कपडा दिसला की, तो पोस्टमनचा का असेना, मी गल्ली बदलायचो. मढला जाऊन बघून यावं असं रोज सकाळी ठरायचं. दुपारपर्यंत त्यातलं काही उरत नसे.

अंधेरीचं दुकान सुरू झालं. साहेबांनी बोर्ड नीट लागलाय का बघायला मला पाठवलं. आतून ट्यूबलाइट असलेला तो बोर्ड, आणि त्यावर माझा बर्गर, माणसाच्या छातीएवढा. टिक्की चकाकत होती. खाली कॉलेजातल्या मुली उभ्या होत्या. एकीच्या हातातल्या कागदात चपटा पाव, त्यातून सॉस गळतोय, टिक्की पावापेक्षा लहान. ती एकदा वर बघायची, एकदा हातात.

"ए, हा काय? मला वरचा दे ना!" ती काउंटरवाल्याला म्हणाली. बाकीच्या खिदळल्या.

"ताई, वरचा बघायचा, खालचा खायचा," तो म्हणाला.

"फसवतोस काय रे? वरचाच दे."

सगळे हसले, तोही हसला. मला मात्र तिथे उभं राहवेना. त्यांना वाटत होतं, फसवणूक म्हणजे वरच्यासारखं खाली मिळत नाही. नाही मिळत हे त्यांचं केवढं नशीब, ते त्यांना कोण सांगणार? त्या दिवशी मी खालचा एक घेऊन खाल्ला. मिळमिळीत होता. पण अन्न होतं.

त्यानंतर साहेबांना आइस्क्रीमचं काम मिळालं आणि जागा पुन्हा तीच ठरली. नाही म्हणायचंही धाडस झालं नाही. साहेबांपुढे तो विषय पुन्हा काढावा लागला असता. फाटकातून शिरताना मी आधी वाळत घातलेले कपडे बघितले. दुपटी, लंगोट, काहीतरी. नुसती एक साडी होती आणि राखणदाराची चड्डी. उंबऱ्यावर कोणी नव्हतं.

मी डब्यात वनस्पती तूप आणि पिठीसाखर मळायला घेतली. खरं आइस्क्रीम वितळतं, म्हणून हे. मावशी आल्या, ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. मी मान वर केली नाही.

"झिला, एक सांगूचा होता," त्या म्हणाल्या. "रागवू नको. त्या दिवशी चेडवान तुमका न विचारता ता खाल्ल्यान. तुझ्या सायबाक सांगू नको हां. ह्यांची नोकरी जायत."

मी विचारलं, "ताई कशी आहे?"

तिला त्याच दिवशी ओकाऱ्या सुरू झाल्या होत्या. हातपाय थरथरायला लागले, तोंडाला फेस. मालाडला नेलं, तिथून महापालिकेच्या मोठ्या इस्पितळात. दिवस भरायच्या आधीच मुलगी झाली. ती अजून काचेच्या पेटीत, आई वाचली, तिच्यापाशीच असते. डॉक्टर पुन्हा पुन्हा विचारत होते, हिने काय खाल्लं होतं?

"मी बोंबील सांगितलंय," मावशी म्हणाल्या. "लोकांचा चोरून खाल्ल्यान म्हणान कसा सांगू? लाज वाटली रे माका." आणि त्यांनी माझ्यापुढे हात जोडले.

मी काय केलं ते लिहितो. मी म्हणालो, "असू द्या, मावशी." त्यांना माफ केलं मी.

त्यांनी डोळे पुसले. जरा मोकळ्या झाल्यासारख्या डब्यात डोकावल्या. "ह्या तरी खाऊचा आसा ना?"

"नाही," मी म्हणालो. "ह्यातलं काहीच खायचं नसतं."

त्या डब्यापासून मागे सरल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "आणि ता?"

मी पॉलिशचं सांगितलं. रंगाचं, ग्लिसरीनचं, कच्च्या खिम्याचं सांगितलं. त्यांनी पदर खोचला, पायात चपला घातल्या आणि तशाच इस्पितळाच्या वाटेला लागल्या. डॉक्टरांना त्यांनी सगळं सांगितलं असणार, पॉलिश, रंग, जे मी सांगितलं ते सगळं.

पंपाचं मी सांगितलं नाही. पुढे कित्येक वर्षं मी मनाची समजूत घालत राहिलो की पंप त्यांनीच हाताने काढून दिला होता, आईला ते सहन झालं नसतं, म्हणून मी गप्प राहिलो. तसं काही नव्हतं. पॉलिशला हसून सोडून देतात, औषधाला पोलीस येतात. मी माझा जीव सांभाळला.

बाळ पेटीतून बाहेर आलं, घरी गेलं. बारशाचं बोलावणं साहेबांच्या फोनवर आलं होतं, मलासुद्धा. मी गेलो नाही. त्याच महिन्यात काम सोडलं आणि गाड्यांच्या नंबर पाट्या रंगवायला लागलो.

पेटीतलं ते बाळ, ती मुलगी, आता तिशीच्या पुढे असेल. ती कशी आहे ते मला माहीत नाही. धडधाकट असेल, तिला मुलं असतील. पण दवाखान्यात एखाद्या बाईला डॉक्टर विचारताना ऐकलं, "जन्माच्या वेळी काही झालं होतं का?" की मी उठून बाहेर जातो. पोलिसांची भीती केव्हाच गेली. आता वाटतं, तिलाही कुठेतरी कुणी हेच विचारत असेल, आणि तिच्या घरात कुणालाच उत्तर माहीत नसेल. आई सांगेल, पॉलिश. ते उत्तर चुकीचं आहे.