तेल पुसणारा टाँक्स

मोटारसायकलीतलं मला ओ की ठो कळत नव्हतं आणि मोटारसायकलींच्या जाहिराती करायची नोकरी मला बहुधा त्यामुळेच मिळाली. कळणाऱ्याला गाडीचे दोष दिसतात. मला नुसता लाल रंग दिसायचा. १९५८ साली मार्गारेट स्ट्रीटच्या कला महाविद्यालयातून पदक घेऊन मी बाहेर पडले आणि बर्मिंगहॅममध्येच, 'हे मिल्स' नावाच्या भागातल्या हॅथरली मोटारसायकल कारखान्याच्या जाहिरात खात्यात रुजू झाले. पदकाची गोष्ट पहिल्या आठवड्यातच सगळ्यांना सांगून झाली. काहींना दोनदा.

आता त्या जाहिरातींना कला म्हणतात. गेल्या महिन्यात संग्रहालयातली एक मुलगी माझ्याकडे आली आणि म्हणाली, "तुम्ही एका काळाला त्याची नजर दिलीत." मी म्हटलं, चहा घे आणि लिहून घे, होरेस टाँक्स. तिने विचारलं, "हे छायाचित्रकार होते का?" म्हटलं, नाही, हे तेल पुसायचे. तिने वही मिटली. म्हणून आता मीच लिहिते आहे.

टाँक्स फोटो रिटच करायचा. इंग्लिश मोटारसायकलीतून तेल गळतं हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असायचं. कॅटलॉगसाठी नवी कोरी गाडी धुऊनपुसून पांढऱ्या कापडावर उभी करायची, आणि फोटोवाला दिवे लावेपर्यंत तिच्याखाली शिलिंगाएवढा डाग पडलेला असायचा. तो फोटो टाँक्सच्या टेबलावर यायचा. डाग जायचा, गाडी उभी धरणारी तार जायची, चाकांना वेग यायचा, मागे डोंगर आणि चर्चचा मनोरा यायचा. थोडक्यात, तेल न गळणारी इंग्लिश मोटारसायकल जगात एकाच ठिकाणी तयार होत असे, टाँक्सच्या टेबलावर.

हे काम तो एकतीस वर्षं करत होता. बासष्ट वर्षांचा, बुटका, कोपरापर्यंत बाह्या गुंडाळलेला, बाह्यांना रबरी पट्टे. मोटारसायकलीवर तो जन्मात कधी बसला नव्हता. एडनाचा, म्हणजे त्याच्या बायकोचा, भाऊ मोटारसायकलीवरून पडून गेला होता आणि लग्न ठरतानाच तिने अट घातली होती. तो अकरा नंबरच्या बसने यायचा, जायचा. पण गाडी बघून तो सांगायचा, "ही डावीकडून गळणार. हिचं झाकण नीट बसलेलं नाही." कारखान्यातले फिटरसुद्धा कधीकधी गुपचूप वर येऊन त्याला विचारून जात. हे मला खूप नंतर कळलं. तेव्हा मला तो एक जुनाट कारागीर वाटायचा, आणि मी त्याला हाक मारायची ती नुसती 'टाँक्स' म्हणून. माझ्या बापाच्या वयाच्या माणसाला.

आमच्या खात्यात एक शिस्त होती. फोटोवर पातळ बटर पेपर चिकटवायचा, जिथे जे बदलायचं तिथे लाल पेन्सिलीने लिहायचं, खाली चित्रकाराने सही करायची. रिटच करणाऱ्याने कागदावर असेल तेवढंच करायचं. त्याहून एक ठिपका जास्त नाही, कमी नाही. आणि आपलं मत सांगायचं नाही. मत कॉलेजात शिकलेल्यांकडे असतं.

१९६०च्या नोव्हेंबरात लंडनला अर्ल्स कोर्टचं मोटारसायकलींचं प्रदर्शन होतं. हॅथरली हेरॉन ही नवी गाडी तिथे पहिल्यांदा दिसणार होती, आणि तिचं बारा फुटी पोस्टर माझ्याकडे आलं होतं. फोटो झकास होता. गाडी आणि तिला टेकून उभी असलेली, पट्ट्यापट्ट्यांचा कोट घातलेली मुलगी. फक्त गाडीचं तोंड उजवीकडे होतं, आणि मला अक्षरं डावीकडे हवी होती. गाडी अक्षरांकडे पाठ करून निघालेली. कलेच्या दृष्टीने हे मला सहन होईना. मी सांगितलं, निगेटिव्ह उलटी करून छापा.

उलटी छापली. गाडी डावीकडे धावू लागली. टाकीवरचं नाव उलटं झालं, ते मी कागदावर लिहिलं, 'नाव सुलट करणे'. मग माझ्या लक्षात आलं की मुलीच्या कोटाची बटणंही पुरुषांसारखी झाली आहेत. घड्याळ उजव्या हातात गेलं आहे. तेही लिहिलं. स्वतःवर इतकी खूश झाले की कागद घेऊन मी जातीने टाँक्सकडे गेले.

"बघा, बटणं कुणाच्या ध्यानात आली असती का?"

टाँक्सने चष्मा कपाळावर सरकवला, फोटो जवळ घेतला, लांब धरला. "बटणं बरोबर धरलीत, बाईसाहेब. पण मग हे—"

"टाँक्स, शुक्रवारी छापायला जायचं आहे. कागदावर आहे तेवढं करा."

"कागदावर आहे तेवढंच?"

"तेवढंच."

"बरं," तो म्हणाला, आणि चष्मा खाली ओढला.

आमच्या गाड्यांचा गिअर उजव्या पायाशी असायचा. उजव्या. हे इंग्लंडमध्ये मला सोडून सगळ्यांना माहीत होतं. आमच्या दूधवाल्याला होतं, चर्चमधल्या पाद्र्याला होतं. पोस्टरवर तो डाव्या पायाशी गेला होता, किकही तिकडेच, सायलेन्सरही तिकडेच. मी कोटाच्या बटणांचा शोध लावत बसले होते.

पहिल्याच दिवशी अर्ल्स कोर्टला पोस्टरखाली गर्दी जमली. मी दाराशी उभी राहून ती कौतुकाची समजत होते. एक चामडी कोटवाला टोपी काढून माझ्यापाशी आला. "बाई, ही गाडी आरशात बसून चालवायची का?" त्याच्या मागचा म्हणाला, "अहो, थट्टा काय करता. डावखुऱ्यांसाठी काढली असेल, बिचाऱ्यांचं कोण बघतं?" आणखी एक जण नुसता हात वर करून दाखवत होता, "तो गिअर तरी बघा. कसला चमकतोय."

खरंच चमकत होता. बारा फुटी पोस्टरवर आधी नजर जायची ती त्या गिअरवर.

सोमवारी जाहिरातप्रमुख मिस्टर पेल्हॅम यांनी मला बोलावलं. मी रडायची तयारी करून गेले होते. ते म्हणाले, "मिस प्रॉबर्ट, तुमची चूक मी धरत नाही. तुम्ही बाई आहात, कलाकार आहात. पण टाँक्स? एकतीस वर्षं हाच उद्योग, आणि त्याला दिसलं नाही? नजर गेली त्याची. शुक्रवारी त्याला नारळ."

त्याच्या पेन्शनला तीन वर्षं उरली होती. आधी काढलं की पेन्शन नाही, हा कारखान्याचा नियम. मला तो माहीत होता. 'कागदावर माझी सही आहे,' एवढंच म्हणायचं होतं. मी म्हटलं, "हो सर, वाईट वाटतं," आणि बाहेर आले. पदकविजेती.

मंगळवार गेला, बुधवार गेला. टाँक्सने तो कागद पेल्हॅमकडे नेला नाही. असे कागद त्याच्या टेबलाच्या खणात वर्षभर राहायचे. त्याने तो नेला की माझी गच्छंती, नाही नेला की त्याची. तो का नेत नाही हे मला समजेना, आणि समजून घेण्यापेक्षा मी सोपा उपाय काढला. गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत सगळे खाली कँटीनला गेल्यावर तो चोरायचा. चोरीचाही मला अनुभव नव्हता, पण मोटारसायकलींचा तरी कुठे होता.

आत गेले तर टाँक्स जागेवरच. डबा उघडून, पावाला चरबी लावून खात बसलेला.

"पोटाला बरं नाही, म्हणून आज कँटीन नको," तो म्हणाला. मग बोटं पुसून त्याने खण ओढला आणि कागद काढून माझ्यापुढे धरला. "हाच ना?"

मी हात पुढे केला नाही. निदान लगेच केला नाही.

"तुम्ही तो साहेबांना का दाखवला नाही, मिस्टर टाँक्स?" मिस्टर हा शब्द त्या दिवशी पहिल्यांदा निघाला.

"कारण साहेबांनी विचारलं असतं, तुला दिसलं होतं का. आणि दिसलं होतं की. पहिल्या झटक्यात दिसलं."

"मी तुम्हाला बोलू दिलं नाही."

"एकदा. दुसऱ्यांदा सांगायला माझी काय जीभ झडली होती? तीन दिवस फोटो टेबलावर होता. रोज तुम्ही समोरून जात होता, पदक घेऊन. मी म्हटलं, जाऊ दे. पडू दे एकदा तोंडावर." त्याने पावाचा तुकडा तोडला. "तो गिअर मी कागदावर नसताना चमकवला, बाईसाहेब. दोन तास दिले त्याला. सगळ्यांना दिसावा म्हणून. एकतीस वर्षांत पहिल्यांदा मी मनाचं काही केलं आणि ते हे केलं. मग कुठल्या तोंडाने जाऊ वर?"

"एडनाबाईंना सांगितलंत?"

"सांगितलं. म्हणाली, लाज वाटायला पाहिजे. नंतर विचारलंन, चमकलाय का चांगला?"

मला हसू आलं. त्यालाही आलं, पण त्याचं लगेच थांबलं, कारण शुक्रवार त्याचा होता. कागद अजून त्याच्या हातात होता. चोरता आला असता तर मी तो चोरलाच असता, याबद्दल माझ्या मनात आजही शंका नाही. पण समोरच्याने स्वतःहून पुढे केलेली वस्तू चोरायची कशी, हे काही मला कुणी शिकवलं नव्हतं.

कागद घेऊन मी पेल्हॅमकडे गेले. जिन्यात मी एक भाषण तयार केलं होतं. त्यात 'नैतिक' हा शब्द तीनदा होता. पेल्हॅम फोनवर होते. कागद मी समोर ठेवला, सहीवर बोट ठेवलं. चमकवलेल्या गिअरबद्दल अवाक्षर काढलं नाही; तेवढं खोटं मी आनंदाने बोलले. त्यांनी फोनवर हात ठेवला. "म्हणजे त्याला सांगितलं तेवढंच त्याने केलं?"

"हो सर. आणि सांगायला लागला तेव्हा मी त्याला गप्प केलं."

"मग तो राहू दे. तुम्ही सोमवारपासून खाली, सुट्या भागांच्या यादीवर. दार लावून जा."

भाषण तसंच राहिलं.

सुट्या भागांची यादी म्हणजे बोल्ट, वायसर, चकत्या, एकेकाचं चित्र, एकेक नंबर. तिथे मी दोन वर्षं काढली. टाँक्सने त्याची तीन पुरी केली आणि पेन्शन घेऊन गेला. मधल्या काळात तो दर मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन खाली यायचा, माझी चित्रं चष्म्यासमोर धरायचा आणि एकेक बाजूला काढायचा. "हा उलटा. हा बरोबर. हा आपल्या गाडीचाच नाही, बाईसाहेब, हा कुठून आणलात?"

मी विचारायची. तो सांगायचा. पाव खाऊन होईपर्यंत मी त्याचं बोलणं एकदाही तोडलं नाही, आणि हे मला किती जड गेलं ते मला ओळखणाऱ्यांनाच कळेल.