काकांचे धंद्याचे तोंड

हे नादरूपा नारायणा! माणसाच्या कानात वाटाण्याएवढ्या जागेत तू शंख वळवलास, शंखाच्या दारी तांदळाच्या कणीएवढे रिकिबीचे हाड टांगलेस, आणि त्याच्यावरूनच चेहऱ्याची नस नेलीस. देवा, जागेची एवढी टंचाई होती का रे? तुझ्या या कारागिरीला वंदन करून कथा सांगतो ती तुझ्याच एका लाडक्या लेकराची, तान्ह्या बाळांचे फोटो काढणाऱ्या फोटोवाल्या काकांची.

काकांचे भांडवल दोन: वाकडे तोंड आणि तिखट कान. ओठ गालावर, भुवई कपाळावर, जीभ हनुवटीवर गेली, की रडके पोरही खुदकन हसे. काकांचे डोळे तेव्हा स्वतःच्या नाकाच्या शेंड्यावर रोखलेले. म्हणून त्या हसण्याच्या आवाजावरच ते कॅमेऱ्याचे बटण दाबत.

पण कानातली ती रिकीब जागीच चिकटली, कान मंदावले, बोट उशिरा पडू लागले. हसू निसटे, जांभई सापडे. दुकानाच्या भिंतीवरची बाळे कचेरीतल्या कारकुनांसारखी दिसू लागली.

कानाच्या डॉक्टरीणबाईंनी स्कॅन उजेडाला धरला. "चेहऱ्याच्या नसेवर हाडाचं आवरणच नाही. उघडी नस रिकिबीवर ओणवी पडलीय. ऑपरेशनमध्ये धक्का लागला तर तोंड वाकडं होईल."

"वाकडं?" काकू म्हणाल्या. "याहून?"

"तसं नाही हो! अर्धं लुळं पडेल. हलणारच नाही."

तोंड जपावे तर हसू ऐकू येईना. हसू ऐकावे तर ते आणणारे तोंडच जायचे!

"आता नुसतं वेंगाडून काय उपयोग?" काकू त्यांच्या कानात ओरडल्या. "करून टाका!"

भूल कानापुरतीच होती. बाईंनी नसेला बगल देत रिकिबीच्या जागी इवलीशी दांडी बसवली आणि म्हणाल्या, "काका, तोंड हलवून दाखवा."

तोंड हलवून दाखवा! जन्माच्या साधनेलाच साद आली. ओठ गेला गालावर, भुवई कपाळावर, जीभ हनुवटीवर.

बाई ओरडल्या, "नस गेली! काकूंना बोलवा!"

टोपी-मास्क चढवून काकू दारात आल्या आणि त्यांनी कपाळाला हात लावला. "घाबरताय काय, बाई! ते त्यांचं धंद्याचं तोंड आहे. अहो, समोर डॉक्टर आहेत, गिऱ्हाईक नव्हे. आवरा ते!"

तोंड सुतासारखे सरळ झाले. कोपऱ्यातली नर्स आवरता आवरता खुदकन हसली.

आणि चादरीखाली काकांचे बोट टपकन पडले. कॅमेरा नव्हता, बटण नव्हते. वेळ मात्र अचूक साधली होती.

दयाघना, त्या नसेवर तुझी सावली राहो, त्या बोटाखाली हसरी बाळे येत राहोत, आणि काकूंचे बोलणे आता काकांना शब्दन्‌शब्द ऐकू येणार आहे, तर ते सोसण्याचे बळही त्या घराला दे.