अप्पांच्या दारातल्या चपला

दिवेलागणीला अप्पा दाराची दोन्ही कवाडं उघडायचे, उंबऱ्यात उभे राहून गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बघायचे आणि खणखणीत आवाजात हाळी द्यायचे, "चला हो, जागा हाय! मागं मोकळंच हाय!"

नवा माणूस दचकायचा. आम्हाला सवय होती. अप्पांची उभी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून झाली, बरीचशी निलंगा डेपोत. मुलाच्या कॉलेजपायी नांदेडला घर बांधलं आणि रिटायर झाल्यावर नवरा-बायको इथंच राहायला आले. मुलगा शिकून हैदराबादला गेला. पुढं बायको वारली. अंगावरची खाकी केव्हाच उतरली होती, तोंडातली हाळी मात्र राहिली.

आता ती टीव्हीसाठी होती. अप्पांच्या गच्चीवर डिशची छत्री होती आणि त्या छत्रीवर ते एकच चॅनेल बघायचे, सरकारी. संध्याकाळपासून बातम्या संपेपर्यंत जे लागेल ते. हळदीवरचा करपा, गुडघेदुखीचे डॉक्टर, शाळेतल्या पोरांची प्रश्नमंजुषा, दक्षिणेकडच्या कुण्या बाईंचा नाच, मग भारूड, मग बातम्या. रिमोटला त्यांनी प्लास्टिकची पिशवी गुंडाळून ठेवली होती. आवाज कमी-जास्त करण्यापलीकडं त्याचा त्यांना उपयोग नव्हता.

"दुसरं काही लावत नाही का हो अप्पा?" असं मी एकदा रस्त्यातच विचारलं होतं.

"कामून लावू? ही लाल गाडी हाय ताई. हिला समदे थांबे. शेतकऱ्याला घेती, म्हाताऱ्याला घेती, लेकराला घेती. बाकीच्या निस्त्या मोठ्या गावाला थांबत्यात."

गल्ली मात्र या गाडीत चढायला तयार नव्हती. ज्याच्या त्याच्या घरी टीव्ही, ज्याच्या त्याच्या हातात फोन. आणि दुसरं एक कारण होतं, ते तुम्ही आमच्या गल्लीत असतात तर तुम्हालाही पटलं असतं. अप्पांच्या दारात रोज संध्याकाळी चपला असायच्या. एक पुरुषी सँडल, एक बायकी चप्पल, पोराचे शाळेचे काळे बूट आणि एक कोल्हापुरी जोड. आतून टीव्हीचा आवाज आणि त्यावर अप्पांचं बोलणं ऐकू यायचं. "बगा, बगा, कसं सांगायला तो डागदर!" असं कुणाला तरी सांगणं, मधेच हसणं. आम्ही आपसांत म्हणायचो, अप्पांचा गोतावळा दांडगा दिसतो, कोण ना कोण आलेलंच असतं. पाहुण्यांत कशाला घुसायचं? शेजारच्या वहिनी तर म्हणायच्या की एवढ्यांचा चहा अप्पा एकटे कसा करत असतील, देव जाणे.

खरं सांगायचं तर मला हेवा वाटायचा. नवरा बदलीवर परभणीला, मुलगी पुण्याला, आणि मी कॉलेजच्या लायब्ररीतून येऊन कुलूप काढणारी. खिचडीचा कुकर लावायचा आणि फोन घेऊन बसायचं. समोर अप्पांचं उजेडानं भरलेलं दार दिसायचं, आणि मी माझी खिडकी लावून घ्यायचे.

येळवस आली. लातूरकडच्या माणसाला ही अमावास्या म्हणजे काय, हे सांगायला नको. अख्खं गाव त्या दिवशी शेतात जेवतं. लायब्ररीतल्या माझ्या औशाच्या मैत्रिणीनं संध्याकाळी पालेभाज्या-दाण्यांची भज्जी आणि आंबील आणून दिली. मी एकटी किती खाणार? अप्पा निलंग्याकडचे, त्यांना आज गावाची आठवण येत असेल, असं मनात आलं. घरात पाहुणे असणार म्हणून मी चांगलं मोठं पातेलं भरलं, वर भाकरी ठेवल्या आणि गेले. दारातल्या चपला ओलांडून आत पाऊल टाकलं.

खोलीभर जाजम अंथरलेलं. भिंतीला तक्के. टीव्हीवर कुणीतरी बासरी वाजवत होतं. आणि अप्पा दाराजवळच्या कडेला, अर्धे जाजमावर अर्धे फरशीवर, एकटे बसलेले. बाकी सगळी जागा मोकळी.

"या ताई, या! जागा हाय!" ते धडपडत उठले.

"पाहुणे कुठं गेले?" मी पातेलं हातात धरूनच विचारलं.

"कोनते पाहुने?"

मी दाराकडं बघितलं. त्यांनीही बघितलं, आणि चोरी पकडलेल्या लहान पोरासारखे हसले.

"ते व्हय? ते घरचेच जोडे हायत. सँडल माजी, बूट पोराचे शाळेतले, कोल्हापुरी त्याच्या लग्नातली. आन् ती चप्पल हिची." मग खाली बघत म्हणाले, "आमच्या निलंग्याच्या स्टँडावर काळी-पिवळी जीपवाले काय करायचे, ठावं हाय का? रिकाम्या जीपमदी मानूस बसत न्हाई. मंग ते आपलीच दोन-चार मानसं आदीच बसवून ठेवायचे. भरायलीय म्हनून दुसरे पटापट चढायचे. लई शिव्या दिल्या मी त्यांना, आमची प्याशिंजरं पळवायचे म्हनून. हिच्यामागं मला वाटलं, आपन बी करून बगावं."

मला हसू आवरेना. "अहो अप्पा, पण आम्हाला वाटायचं घरात पाहुणे आहेत! म्हणून तर कुणी येत नव्हतं!"

हे मी हसत हसतच बोलून गेले. अप्पा हसले नाहीत. त्यांनी रिमोट उचलून बासरीचा आवाज कमी केला.

"म्हंजी," ते सावकाश म्हणाले, "गाडी फुल्ल वाटली तुमाला."

आम्ही दोघं भज्जी-भाकरी जेवलो. पातेलं निम्म्याहून जास्त तसंच राहिलं.

त्यानंतर मी जायला लागले. रोज नाही, पण बऱ्याचदा. सरकारी चॅनेल बघायची मला गोडी लागली असं म्हणणं खोटं ठरेल. सोयाबीनच्या खोडमाशीवरची चर्चा ऐकताना माझा जीव कासावीस व्हायचा. पण अप्पांबरोबर बघताना गंमत यायची. व्यायाम दाखवला की ते बसल्या जागी पाय लांब करून तो करायचे, बातम्या देणाऱ्या बाईंनी हात जोडले की म्हणायचे, "बरं हाय, तुमी कशा हाव?" बायको होती तेव्हा टीव्ही लागलेला असताना ती स्वयंपाकघरात असायची आणि काय चाललंय ते अप्पा तिला इथून ओरडून सांगायचे. त्या सवयीनं ते अजूनही स्वयंपाकघराकडं मान करून बोलायचे. तिकडं दिवा बंद असायचा.

नाच लागला की मला हटकून डुलकी लागायची. दचकून जागी झाले की अप्पा म्हणायचे, "झोपा, झोपा. उमरी आली की उठवतो." माझं माहेर उमरीचं, हे त्यांनी पहिल्याच दिवशी विचारून घेतलं होतं.

चपलांचा उलटा परिणाम कळल्यावर त्यांनी त्या आत ठेवल्या होत्या. आठवडाभर दार मोकळं राहिलं. तरी माझ्याशिवाय कुणी आलं नाही. मग एके दिवशी बघते तर सगळे जोड परत जागेवर.

"अप्पा, परत?"

"भकास दिसायलं हो दार. ऱ्हाऊ द्या. तुमाला तर ठावं हाय ना."

मुलगा फोनवर मागं लागलेला असायचा. बाबा, इकडे या, मोठा टीव्ही आहे, पाहिजे ते बघा. अप्पा मला म्हणायचे, "तितं दार लावून बसतेत. जागा हाय म्हनून सांगायचं कुनाला?" ते गेले नाहीत.

यंदा थंडी सरता सरता एका सकाळी ते वारले. झोपेतच. मुलगा हैदराबादहून आला. अप्पा लिंगायत, त्यांच्यात माणसाला बसवून नेतात. अप्पांना भिंतीला टेकवून बसवलं होतं, कपाळाला विभूती, गळ्यात हार, आणि समोर तेच जाजम. शेजारी टीव्हीवर चादर टाकलेली. सगळी गल्ली आली होती. डेपोतली जुनी माणसं आली होती, निलंग्याचे पाहुणे खरोखरचे आले होते. जाजमावर बसायला जागा नव्हती. दारातल्या चपला पायऱ्यांवरून खाली रस्त्यावर गेल्या होत्या. अप्पांनी हे बघायला हवं होतं, एवढं एकच माझ्या डोक्यात चालू होतं, आणि मला रडू फुटलं.

माती देऊन मंडळी परतली, हळूहळू पांगली. दिवेलागण झाली तेव्हा मी आणि शेजारच्या वहिनी भांडी आवरत होतो. अप्पांचा मुलगा दार लावायला गेला आणि उंबऱ्यात थांबला. वहिनींना म्हणाला, "काकू, ह्या चपला कुणाच्या राहिल्या? चार जोड आहेत." वहिनींनी मागच्या दाराशी बघितलं, मग माझ्याकडं. आमच्या दोघींच्या चपला तिथंच होत्या. त्याला स्वतःचे शाळेचे बूटही ओळखू आले नाहीत.

"रोजच्या बसणाऱ्यांच्या आहेत," मी म्हणाले. "दार एवढ्यात लावू नका."

त्यानं वळून आत बघितलं. जाजम तसंच अंथरलेलं होतं, सगळं मोकळं.